छपराचा खटला आणि पंगतीचे साक्षीदार

चांद्यात आमच्या काकांचं घर परकोटाला चिकटून होतं. पुढचा भाग विटांचा, आणि मागची भिंत म्हणजे गोंड राजांचा तटच. मागच्या खोलीत काकांचे दोन हातमाग होते, पण उजेड नव्हता. तुटलेलं सूत दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी छप्पर हातभर उचललं, वर झरोका ठेवला आणि नव्या छपराची मयाल, म्हणजे आडवी तुळई, तटावर टेकवली. लगेच म्युनिसिपल कमिटीची नोटीस आली: जुन्या तटावर विनापरवाना भार टाकला आहे, छप्पर उतरवा. छप्पर उतरलं की माग बंद. काका दिवाणी कोर्टात गेले.

मी विशीतला, पत्रकं वाचून वाढलेला, आणि एव्हाना स्वतःही पत्रकं लिहिणारा. गरिबाला न्याय विकत घ्यावा लागतो, हे तर मी कितीदा लिहिलं होतं. विकणारा कोण, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. म्हणून प्रत्येक पेशीला, कोर्टाच्या तारखेला, काकांबरोबर जाऊ लागलो.

स्टॅम्प एकदाच लागला. वकील ओळखीचा, फी सवडीने घेणारा. तरी काकांची कनवट रिकामी होत होती. साक्षीच्या दिवशी कोर्टासमोरच्या चिंचेखाली पाहतो तर आमची अख्खी आळी बसलेली.

"हे सगळे कशाला आले?"

"साक्षीदार हायेत," काका म्हणाले.

ज्याने साक्षीदार बोलावला त्याने त्याचा भत्ता कोर्टात आधी भरायचा, असा नियम. भत्ता भरून वर काकांनी सगळ्यांना वरणभात घातला. छप्पर बांधणारा सुतार तर गडचिरोलीहून आला होता, डोंग्याने वैनगंगा ओलांडून. त्याचं येणंजाणं वेगळं.

वकील कपाळावर हात मारत म्हणाले, "भाऊ, मयाल कशी टेकवली हे सांगाले एक सुतार पुरे. बारसं हाय का हे?"

"एकाले बोलावलं अन् त्याच्या शेजाऱ्याले नाई, तर तो माह्या दारात पाय ठेवीन का? कोर्ट आज हाय, उद्या नाई. मले आळीत राहाचं हाय."

त्या दिवशी दोघांचीच साक्ष झाली. बाकीच्यांना पुढची तारीख मिळाली आणि पुन्हा पंगत बसली. माझं कोर्टाविरुद्धचं पत्रक अर्धं लिहून तयार होतं. पण हा वरणभात त्यात कोणाच्या माथी मारावा, ते सुचेना.

शेवटी वकिलांनी बजावलं, "हरलात तर कमिटीचा खर्चही तुमच्यावरच बसन." तेव्हा काका आळीतल्या साक्षीदारांना येऊ नका म्हणायला निघाले. बोलवायची रीत सगळ्यांना ठाऊक असते. हळद लावलेली सुपारी द्यायची. नको म्हणायची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. काकांनी तीच सुपारी बरोबर घेतली. पुढे काय होतं ते पाहायला मीही मागोमाग गेलो.

बहुतेकजण सुपारी घेऊन हसले. कोपऱ्यावरचे म्हातारे मात्र तापले. "काऊन काढलं मले? मी का खोटं बोलणार होतो?"

"तुमच्या तब्येतीले तरास नको, भाऊ."

"तरास? घरी तं कोणी मले इचारत नाई. तिथी झाडाखाली चार मानसं भेटतात, चहा भेटते. ते बी बंद करून राह्यला तू!"

काका उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "या तुम्ही. साक्ष नाई, पण चहाले या."

आता साक्षीला एकटा सुतार उरला. त्याने एका दमात सांगितलं, की तटाजवळ लाकडी खांब उभे करून मयाल त्यांच्यावर घेतली तर तटावर भार राहणार नाही. कमिटीचा ओव्हरसियर येऊन पाहून गेला आणि तडजोड झाली. छप्पर राहिलं. खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

कमिटीचा खर्च किरकोळ होता. आमचा फेडायला काकांनी एक माग वरोऱ्याच्या विणकराला विकला. खांब उभे राहिले त्या सकाळी झरोक्यातून खोलीभर ऊन उतरलं, उरलेल्या मागावर आणि विकलेल्याच्या मोकळ्या जागेवरही. काका विणायचा धोटा हातात घेऊन मागाशी बसले. दारातून काकू म्हणाल्या, "तिकडच्या उन्हात मी मिरच्या वाळवते. तेवढं तरी वसूल होऊ द्या!"

काका झरोक्याच्या उजेडात तुटलेलं सूत जोडत होते.