पालखीच्या दिवशीची सभा

ती घटना आजही आठवते ती एका खुर्चीमुळे.

मंडणगड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी पन्नाशीच्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, बॉक्साइट काढणारी एक छोटी कंपनी होती. जमिनीच्या मोबदल्यात वाडीतल्या घरांना तिचे शेअर मिळालेले. आता कंपनीची माणसं वाडीच्या झऱ्यावरच्या उतारावर नव्या खाणीसाठी खुंट्या ठोकत होती. विचारलं तर उत्तर मिळालं, "सभेत तुम्हीच ठराव केलात." सभा झाल्याचंच वाडीला ठाऊक नव्हतं.

"मावशी, हा दिवाणी मामला आहे. वकील गाठा," मी म्हणालो. बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"झरा आटला तर पानी वकील देनार काय?" एवढं बोलून त्या गेल्या.

काही आठवड्यांनी पुन्हा हजर. भागधारक म्हणून कंपनीच्या कचेरीत खेटे घालून त्यांनी सभेच्या इतिवृत्ताची आणि हजेरीपटाची नक्कल मिळवली होती. सगळ्यांच्या सह्या होत्या, त्यांचीही. मला काहीच खटकलं नाही. मी पडलो घाटावरचा माणूस.

"तारीख बगा, साहेब. शिमग्यात त्या दिशी पालखी आमच्या वाडीत व्हती. घरात देव येनार नि आमी कचेरीत सभेला जानार?"

पुरावा काय, असं मी विचारायच्या आत आमच्या जुन्या हवालदारांनी स्टेशन डायरी पुढ्यात ठेवली. पालखीचा बंदोबस्त, तीच वाडी, तीच तारीख. बंदोबस्तावर मी स्वतः.

"यांच्याच अंगणात बसला होतात आपण," ते हळूच म्हणाले.

मग आठवलं. घरातली एकुलती एक खुर्ची मला देऊन या बाई दिवसभर उभ्या राहिल्या होत्या. ठाण्यात मात्र त्यांनी ओळखही दाखवली नाही. मला फार लाज वाटली.

कंपनीच्या कारकुनाला चौकशीला बोलावलं. तोही बाहेरगावचाच. पोलिसी खाक्या दाखवावा लागला नाही. खोटं बोलणाऱ्याची मोठी उत्तरं पाठ असतात, बारीकसारीक नसतात.

"वाडीतली माणसं सभेला आली कशी?"

"एसटीनं."

"पालखी दारात सोडून?"

तो म्हणाला, "सभेच्या नोटिसा कपाटातच आहेत, साहेब. झऱ्याचं कळलं असतं तर एकानंही हात वर केला नसता." संचालकाच्या सांगण्यावरून सगळ्या सह्या त्यानेच ठोकल्या होत्या.

गुन्हा नोंदवला, कोर्टात मीही साक्ष दिली. ठराव टिकला नाही, खुंट्या निघाल्या. पुढची सभा वाडीतल्या शाळेत झाली, खाणीचा नकाशा फळ्यावर लावून.

शेअर, ठराव ही मोठ्या लोकांची कामं, असं मी समजत होतो. ज्यांच्या पायाखालची जमीन खणायची त्यांना आधी सांगायचं असतं, हे मला त्या बाईंनी शिकवलं. त्या दुसऱ्यांदा आल्या, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी झऱ्याचं पाणी दिलं, मग आतून तीच खुर्ची आणली.

"आधी तुम्ही बसा, मावशी," मी म्हणालो. हे मला ठाण्यातच सुचायला हवं होतं.