लाखोळीचं पहिलं पाणी

लाखांदूरच्या एसटी स्टँडवर मला सोडायला तिघं आले होते. बाबा, माय आणि माझा मोठा भाऊ, दादा. दादाने यायला नको होतं. गावापासून तो बैलबंडीत बसून आला, पण स्टँडच्या अलीकडेच उतरला आणि उरलेला रस्ता काठी टेकत चालला. गुडघे एकमेकांवर घासत होते. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. मी मागून चालत होतो आणि धुळीतले त्याचे ठसे बघत होतो. नुसती बोटं आणि चवडा. टाच कुठेच नाही. शेजारी काठीचं गोल भोक.

माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे आणि पत्रकांचा गठ्ठा, दुसरीत आमच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, लाखोळीची डाळ. हैदराबादच्या एका अन्नसंशोधन संस्थेत मला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली होती. मुलाखतीत मी भंडारा जिल्ह्याचा म्हटल्यावर समोरच्या बाई एकदम सावरून बसल्या आणि येताना घरची लाखोळी घेऊन या म्हणाल्या. बाबांना याचं फार अप्रूप. आपल्या बांधीतलं धान्य साहेब लोक तपासणार म्हणून त्यांनी ते स्वतः निवडलं होतं, खडा न् खडा काढून.

"आपल्या डाळीचं नाव खराब नको करजो तिकडे," एवढंच ते म्हणाले.

दादा गाडीच्या खिडकीशी आला. "या पायावरचं औषध निघालं का पह्यले मले सांगजो. गावाले मंग." आणि हसला. तो प्रत्येक गोष्ट हसूनच सांगायचा. पण तेवढं बोलण्यासाठी तो बंडीतून उतरून चालत आला होता, हे मला गाडी सुटल्यावर कळलं. मला रडू आलं नाही. त्या दिवसापासून ते कधी वेळेवर आलंच नाही.

ज्यांनी लाखोळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे धान कापायच्या आधीच, बांधीत ओल असताना, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगर लागत नाही, खत लागत नाही. धान कापून नेलं की खाली हिरवं उगवलेलं असतं. दुष्काळाच्या साली धान वाळलं आणि लाखोळी उभी राहिली. त्या साली आम्ही सकाळ-संध्याकाळ तीच खाल्ली. डाळ तिची, बेसन तिचं, भाकर तिची, भाजीही तिच्याच पाल्याची. दादा तेव्हा एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबायचं आणि मजुरी धान्यात. त्या वर्षी धान्य म्हणजे लाखोळी. उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या पोटऱ्या वळू लागल्या. मग पाय आखडले. एका सकाळी तो खाटेवरून उठला तो चवड्यांवरच.

राज्यात या डाळीच्या विक्रीला बंदी होती. मजुरी म्हणून द्यायला बंदी नव्हती. मजुरी ही विक्री नव्हे ना. आमच्या हायस्कुलातल्या एका मास्तरांकडे पत्रकं यायची, शेतमजुरांची, विज्ञान मंडळांची, कुणाकुणाची. ती वाचूनच मी लिहायला शिकलो. पहिलं पत्रक मी याच मजुरीवर लिहिलं. मास्तरांच्या चक्रमुद्रण यंत्रावर काढलं आणि लाखांदूरच्या बाजारात वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. मला तेव्हा त्याचा राग आला. आज वाटतं, निदान कागद तरी घरापर्यंत पोचला.

हैदराबादला सगळं स्वच्छ होतं. फरशी, काचेची भांडी, पांढरा कोट. मॅडम, म्हणजे मुलाखतीतल्या त्याच बाई, तेलुगू होत्या. माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि मी हिंदी म्हणून जे उत्तर द्यायचो त्याला त्या मराठी समजायच्या. मी 'फ्लास्क', 'रीडिंग', 'सँपल' हे शब्द शिकलो, 'नक्को' आणि 'हौ' हे तिथले नकार-होकार शिकलो, सकाळी इडली खायला शिकलो. बाबांनी निवडलेली डाळ एका बाटलीत गेली आणि बाटलीवर नंबर पडला. त्या डाळीचा अर्क काढून कोंबडीच्या पिलांना टोचत. माझं काम पिलांना बघण्याचं. थोड्या वेळाने पिलाची मान वाकडी व्हायची, पाय ताठ व्हायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काहीतरी व्हायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली आणि पुढचं पिलू उचललं.

तिथे दोन गोष्टी समजल्या. एक, ही डाळ अधूनमधून खाल्ली तर माणूस लंगडा होत नाही. तिच्याशिवाय दुसरं काही ताटात नसलं, महिनोन् महिने नसलं, तर होतो. म्हणजे बाबांचं खरं होतं. नाव खराब करायचंच तर एकट्या डाळीचं करून भागणार नाही. ज्या व्यवस्थेने दुसरं काही ताटात येऊ दिलं नाही तिचंही करावं लागेल. हे मी मॅडमना आवेशाने सांगितलं. त्या म्हणाल्या, ते तुम्ही लिहा, मी डाळीतलं विष कमी कसं होईल ते बघते, दोन्ही कामं लागतील.

दुसरी गोष्ट मी त्यांना विचारली तेव्हा समजली. गेलेल्या पायांवर औषध नव्हतं. शोधही त्या दिशेने चाललेला नव्हता. जे पाय अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी होता तो. उकळत्या पाण्यात डाळ भिजत ठेवायची, ते पाणी काढून टाकायचं, मग शिजवायची. विष बरंचसं त्या पहिल्या पाण्यात उतरतं. इतकं साधं. पिढ्यान् पिढ्या लोक चवड्यांवर चालले आणि उत्तर गंजभर, पातेलंभर पाण्याचं होतं.

लाखोळी काढणीच्या दिवसांत मी रजा घेऊन घरी गेलो. एव्हाना दादाच्या हातात दोन काठ्या आल्या होत्या. तो अंगणात दोर वळत बसला होता. त्याने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. औषध निघालं नाही, निघणार नाही.

दादा दोर वळत राहिला. मग म्हणाला, "मंग तुले पगार कायचा देऊन राहिले ते?"

वहिनी आतून हसली. तिला हसू आवरलं नाही आणि मग पदर तोंडाला लावून ती तिथेच उभी राहिली. बाबा उठून बांधीकडे निघून गेले.

मी गंजात पाणी उकळलं, डाळ टाकली, झाकण ठेवलं. दुपारी ते पाणी गाळून मी मायला म्हटलं, हे फेकून दे. डाळीतलं विष, माणसाच्या नसा, सगळं समजावून सांगितलं. माझं बोलणं मलाच छापील वाटत होतं. माय मान डोलवत होती. संध्याकाळी चुलीमागे बघतो तर गंज तिथेच, ताटलीने झाकलेला. मायने त्यात तांदळाची कनकी टाकून पेज शिजवली होती. स्वतःसाठी. सगळ्यांना निवळलेली डाळ वाढायची आणि उतरलेलं पाणी आपण प्यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. घरात आजवर अन्नाचा निथळ कुणी फेकला नव्हता. भाताची पेज, भाजीचं पाणी, सगळं कुणाच्या तरी पोटात जायचं. शेवटी जेवणाऱ्याच्या. आमच्या घरात शेवटी जेवणारी एकच होती.

मी ओरडलो असेन. माय शांतपणे म्हणाली, "अन्नाचं पाणी हाय बाबू ते. नालीत कसं टाकू? अन् मले म्हातारीले काय होते?"

"पोटऱ्या वळते का तुह्या?" दादाने अंगणातून विचारलं.

वहिनीच म्हणाली, "रात्री उठून बसते त्या. मलेच पाय दाबाले लावते."

सगळी पत्रकं, सगळी रीडिंगं माझ्याजवळ होती आणि त्या घटकेला त्यातला एकही शब्द कामाचा नव्हता. दादा काठ्या टेकत आत आला. चुलीपर्यंत यायला त्याला वेळ लागला, आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. त्याने भिंतीला पाठ लावली, काठीने गंजाला हलकं ढोसलं.

"माय, हे पाणी नोहे. हे माहे पाय हायत. पिऊन राहिली का तू?"

मायने त्याच्याकडे पाहिलं नाही. गंजाकडे पाहत राहिली. मग तिने गंज उचलला. नालीत नाहीच ओतला. पदराखाली झाकून, शेतावर न्याहारी न्यावी तशी ती तो तलावाच्या पाळीकडे घेऊन गेली आणि पळसाच्या बुडाशी हळूहळू रिकामा केला. परत आली तेव्हा गंज घासून आणला होता. त्या रात्री ती आमच्याबरोबर जेवायला बसली. वहिनीने तिचं पान मांडलं, एवढंच.

पुढे वर्षं गेली. हैदराबाद आता मला परकं राहिलं नाही, आणि आपलंही झालं नाही. लाखनीचा एक ट्रकवाला महिन्या-दोन महिन्यांनी इकडे येतो, माझ्यासाठी लाखोळीच्या पाल्याची सुकी भाजी आणतो. बाटल्यांवर नंबर टाकून मी खोलीवर येतो आणि ती भाजी रांधून खातो. मला तिच्यात काय काय आहे ते ठाऊक आहे. ताटात सोबत भात असतो, तुरीची डाळ असते, दही असतं. म्हणून मी ती चवीने खाऊ शकतो. हा फरक मी पत्रकांतून लिहीत राहतो. तुम्ही जे तिथेच राहिलात, तुमच्या ताटासाठी लिहितो. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांनी आपलं भरलेलं ताट विसरू नये म्हणूनही लिहितो. भजी बांधायची असतील तर बांधा, आधी वाचा.

मागच्या कार्तिकात घरी गेलो तेव्हा बांधीत उतेरा चालला होता. त्या खेपेचं बी संस्थेतून नेलेलं होतं, कमी विषाचं. बाबांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ उलटंपालटं केलं आणि "आपल्यासारखंच दिसते" म्हणून मान्य केलं. पहिलं पाणी मात्र माय याही डाळीचं पळसाला घालते. दादा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून कुणाच्या हातून बी कमी पडतंय ते ओरडून सांगत होता आणि सगळ्यांची टिंगल करत होता. माय उभ्या धानातून बी फेकत गेली.

संध्याकाळी सगळे घरी निघाले. मी मागे राहिलो. ओल्या चिखलात धुऱ्याच्या कडेने दादाचे ठसे होते, अर्धे, दोन्हीकडे काठ्यांची भोकं. त्यांच्या शेजारून मायचे ठसे गेले होते. बोटं, चवडा, आणि मागे खोल रुतलेली, भेगांसकट उमटलेली टाच. प्रत्येक पावलाला. मी बांधीच्या टोकापर्यंत बघत गेलो.

इथे मला आनंद झाला असं लिहायला हवं. तसं काही झालं नाही. मी फक्त चपला काढल्या, हातात घेतल्या आणि त्या ठशांच्या बाजूबाजूने, एकही न मोडता, घरी गेलो. आता घर कुठे आहे असं कुणी विचारलं तर मला ती वाट आठवते. औषध न आणताही जिथे मला घ्यायला माणसं स्टँडवर येतात, आणि त्यांतली काही अजून टाच टेकून येतात.