शाबूतबाईंच्या दोन सह्या

शाबूतबाईंना कशाकशाची शिसारी यायची त्याची यादी केली तर एक वही भरेल. फाइलीला ‘नवीन’ असं नाव देणाऱ्यांची, ‘हीच शेवटची’ म्हणून पाठवून दुसऱ्या दिवशी आणखी एक पाठवणाऱ्यांची, कीबोर्डवर बिस्किटं खाऊन चुरा तसाच ठेवणाऱ्यांची. त्यांच्या खोलीत कोणी शिरलं की आधी हाताकडे बघत, मग तोंडाकडे.

आकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीचा माल, म्हणजे तिने टिपलेल्या नोंदींच्या फाइली, संशोधन संस्थेत उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. माल यायचा कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात; उघडून बघितला तर नुसता अक्षरांचा चिखल. त्याची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, आणि तो फक्त ज्या शास्त्रज्ञाने ताऱ्याची मागणी केली त्यालाच सीलबंद लिफाफ्यात मिळे. वर्षभर माल त्याचा, मग कुलूप निघून साऱ्या जगाचा. बाई प्रत्येक फाइलचं वजन आणि तपासणीचा आकडा जुळवत, तारखेप्रमाणे लावत आणि नोंदवहीत लिहीत, ‘शाबूत’. एकोणीस वर्षं हा एकच शब्द. त्यावरूनच नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचं.

विभागाच्या सरांनी एक मिणमिणता तारा मागून घेतला होता. फाइली चारशे बारा, सगळ्या शाबूत. वर्ष सरत आलं तेव्हा सरांनी मुदतवाढीचा अर्ज पुढे केला. कारण छापलेलंच होतं : ‘उतरवताना फाइली खराब झाल्या.’ खाली सही बाईंची.

“पण फाइली तर चांगल्या आहेत, सर.”

“अहो बाई, नुसती फॉरमॅलिटी. काम चालू आहे, सहा महिने मिळतील.”

बाईंनी सही केली. सहा महिन्यांनी पुन्हा केली. मधल्या काळात एका लांबच्या कॉलेजातले शिक्षक दर महिन्याला पत्र पाठवत. त्या ताऱ्याला ते तीस वर्षं छोट्या दुर्बिणीतून बघत होते. तो मंद होत चाललाय असा त्यांना संशय होता. ‘कुलूप कधी निघेल? माझी निवृत्ती जवळ आलीय.’ बाई उत्तर देत, ‘तांत्रिक अडचण आहे.’

तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा सरांच्या टेबलावर चहाचा कप होता आणि कपाखाली किल्लीचा लिफाफा. सीलबंद. त्यावर चहाची वर्तुळं एकात एक गुंतलेली. दोन वर्षांत तो फोडलाच नव्हता.

“उघडलं नाहीत?” बाईंनी कप उचलून लिफाफा पाहिला.

“वेळ कुठाय? पण दुसऱ्याच्या हाती पडण्यापेक्षा आपल्याकडे पडून राहिलेलं बरं.” सरांनी लिफाफ्यावर कप पुन्हा टेकवला. “सही करा.”

स्वतः खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना! बाईंनी अर्जाची घडी घातली. उद्या देते म्हणून त्या अर्ज घेऊन घरी आल्या.

घरी नणंद. दवाखान्यात नर्स, जिभेला हाड नाही. तिने अर्ज वाचला.

“वहिनी, एकोणीस वर्षांत एक फाइल तुटली नाही म्हणून तू आमचं डोकं खातेस ना?”

“नाहीच तुटली.”

“मग आधीच्या दोन अर्जांवर कोणी सही केली? आमच्याकडे धडधाकट पेशंट मेला म्हणून लिहून देणाऱ्याला काय म्हणतात, माहितीये?”

बाईंनी ताट बाजूला सारलं. आजवर त्यांना शिसारी आली ती दुसऱ्यांची. आता ती आपल्याच उजव्या हाताची आली, आणि हात धुवून ती जाईना.

सकाळी त्यांनी छापील कारणावर काट मारली आणि लिहिलं : ‘चारशे बारा फाइली शाबूत. किल्लीचा लिफाफा फोडलेला नाही. आधीच्या दोन्ही अर्जांवर मी खोटी सही केली आहे.’ अर्ज सरांकडे न देता थेट वर पाठवला. चौकशी झाली. बाईंची बढती अडकली. सरांना समज मिळाली आणि ते परिषदेला निघून गेले. आपल्याकडे तरी दुसरं काय व्हायचं होतं!

मुदत संपली त्या दुपारी कुलूप निघालं. बाईंनी शिक्षकांना लगेच कळवलं. तासाभरात उत्तर आलं : ‘आभार. पण मी दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. कॉलेजचा संगणक सुटला, हातात हा फोन तेवढा. एवढंच सांगाल का, तो मंद होतोय का?’

एकोणीस वर्षांत बाईंनी एकाही फाइलच्या आत डोकावलं नव्हतं. ते आपलं काम नाही, असं त्या मानत. त्यांनी चारशे बाराच्या चारशे बारा फाइली आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिल्या, तारखा आडव्या, तेज उभं. रेघ डावीकडून निघाली आणि उतरत गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उत्तर लिहायला घेतलं.

‘होय, मंद होतोय. बघायला बारा मिनिटं लागली. तुम्हाला आणखी एक वर्ष थांबवलं, ते माझ्या दोन सह्यांनी.’