मामांच्या लॅपटॉपवर मी टाकलेलं सॉफ्टवेअर

माझे मामा जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आल्यावर त्यांनी आयुष्यातला पहिला लॅपटॉप घेतला. जहाजावरच्या आठवणी लिहायच्या होत्या. मी इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून खोका उघडायच्या आधी मला फोन आला.

मामांनी कागदावर लिहून ठेवलं होतं: मराठी टायपिंग, लिखाणासाठी काहीतरी, जुने फोटो नीट करायला काहीतरी. खाली ठळक अक्षरांत, 'मोफत मिळणारंच.'

"मामा, फुकटचं कशाला? मी सगळ्यात भारी टाकून देते."

"चोरीचं नको हां बाय."

"चोरीचं कसलं? सगळेच वापरतात."

माझ्याकडे महागड्या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या प्रती होत्या. त्या चालाव्यात म्हणून मी अँटिव्हायरस बंद केला. पुन्हा चालू करायला विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. चालू केला असता तर त्याने क्रॅक उडवला असता, म्हणून तसाच ठेवला. वर्गात मुलांना मी नेमकं हेच करू नका म्हणून बजावते.

मामा दोन बोटांनी टाइप करायचे. तरी दोनेक महिन्यांत सत्तर पानं झाली. मग एका सकाळी मामीचा फोन आला, एकही फाइल उघडत नाही. जाऊन पाहिलं तर फाइलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरं लागलेली आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी. काय झालंय ते मला उभ्या उभ्या कळलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती ठेवायला मी शिकवलंच नव्हतं.

"माझ्याकडून काय चुकलं गो?" मामांनी विचारलं.

मी म्हणाले, "कुठल्यातरी लिंकवर क्लिक केलं असेल तुम्ही."

त्यांनी मान डोलावली. मी सगळं पुसून लॅपटॉप नव्याने लावून दिला आणि या वेळी त्यांनी मागितली होती तशी मोफत सॉफ्टवेअर टाकली. तासाभराचं काम होतं. सगळं व्यवस्थित चालू लागलं. मामांनी माझे आभार मानले.

पुढच्या महिन्यात सावर्ड्याला नात्यातला साखरपुडा होता. कोणीतरी मामांना लिखाणाबद्दल विचारलं. "घालवलं सगळं माझ्या वेंधळेपणानं," ते हसत म्हणाले, "हिने बिचारीने किती मेहनत घेतली होती!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. मामीसमोरच सांगितलं, "मामा, तुम्ही काही केलं नव्हतं. मी टाकलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमुळे गेलं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मामी माझ्याकडे बघतच राहिली.

"पानं गेली त्याचं मी सोसलं असतं," मामा म्हणाले. "पण महिनाभर मी स्वतःला मूर्ख समजत होतो. ते तू बघत होतीस."

मी माफी मागितली. "बरं," एवढंच म्हणाले आणि मामीला चहा ठेवायला सांगितलं.

आता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलंय. फाइलींच्या दोन दोन प्रती ठेवतात. कसं करायचं ते शेजाऱ्यांकडून शिकून घेतलं, मला विचारलं नाही. परवा त्यांनी एका वादळाचं प्रकरण वाचून दाखवलं. मी छान झालंय म्हटलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "पहिल्या वेळी जास्त चांगलं उतरलं होतं."

आवाजात राग नव्हता. मला मात्र वर बघवलं नाही.