आत्याचे शेंगोळे

काल लेकीनं सॉसेज आणि पास्ता घालून दाट सूप केलं. चरबीचा आणि लसणाचा वास घरभर पसरला, तसा मी माजलगावकडच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत जाऊन पोचलो.

तिथं मी नवा कारकून होतो. आम्ही बौद्ध, पण ते मी तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं. दुष्काळाचं साल होतं, टँकरवर घरटी दोनच घागरी पाणी मिळायचं. सिरसाळ्याहून आत्या भेटायला आली, ती मोठ्या जनावराच्या, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या घेऊनच. दुपारी तिनं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळले, चान्यांच्या तिखट रश्श्यात शिजवले. "आल्यावर संगं जेवू," म्हणाली आणि टँकरच्या रांगेत गेली.

तेवढ्यात शेजारच्या हेडक्लार्कनी अंगणातून हाक दिली, "चहाला येतो बरं का!" चान्यांच्या वासावरून आम्ही कोण, ते त्यांना कळलं असतं. मी पातेलं उचलून मागच्या खड्ड्यात रिकामं केलं, वर माती लोटली, घरात उदबत्ती लावली.

ते चहा पिऊन गेल्यावर आत्या आली. तिनं पातेल्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"समदे खाल्लेस? लई भूक लागलती व्हय रे?"

मी मान डोलावली.

"खा बाबा. मला भाकर हाय की."

चटणीशी भाकर खात ती माझ्याकडं कौतुकानं बघत राहिली. त्या वेळी मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. काल लेकीनं "कसं झालंय, बाबा?" विचारलं, तेव्हा मात्र मला मान वर करवेना.