अकोल्याच्या डॉक्टरांचा निरोप

माझे वडील चांदूर रेल्वेच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, आणि त्यांना जन्मात कधी कुणाची वाट पाहता आली नाही. गाडी पकडायची तर तासभर आधी फलाटावर, आणि गाडी वेळेवर आली तरी तिच्यावर चिडायचे. वरणात मीठ कमी पडलं की ताट भिरकावलंच समजा.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात, कापसाच्या बैलबंड्या रिकाम्या होत असताना, कुणावर तरी ओरडता ओरडता ते खाली बसले. छातीत कळ. जरा सावरल्यावर आई त्यांना अकोल्याला, जुन्या शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्याबरोबर तिनं आम्हा भावंडांना स्वयंपाकघरात बोलावलं.

“डॉक्टरनं सांगतलं, तुमच्या बाबाच्या मनाविरुद्ध एक शबूद बी गेला तं हार्ट बंद पडन. कोनी तोंड वर करायचं नाही.”

आम्ही विश्वास ठेवला. का ठेवू नये? आई कधी खोटं बोलल्याचं आठवत नव्हतं. भाऊ नापास झाला, तर बाबांना सांगितलं की निकाल राखून ठेवलाय. तो निकाल वर्षभर राखूनच ठेवलेला होता! मांजर व्यायली तेव्हा पिल्लंसुद्धा शेजारणीकडे गुपचूप पोचवली. घरात सगळे हळू चालत, हळू बोलत. बाबा चांगले गुटगुटीत झाले.

मी पास झाले. शाळेतल्या बाईंनी अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजचा अर्ज भरून दिला होता. पत्र आलं, आठ दिवसांत हजर व्हा, पालकांची सही आणा. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. बाबा आकांडतांडव करणार हे ठाऊक होतं, पण भांडायला मी त्यांचीच लेक. काय काय बोलायचं ते विहिरीवर धुणं धुताना मनात घोकून ठेवलं होतं. आईनं माझं मनगट धरलं.

“सोताच्या हातानं बापाले मारतं काय?”

मी पत्र बाबांना दाखवलंच नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पत्र चुलीत घातलं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी नांदगाव खंडेश्वरला गेले.

पाचेक वर्षांनी आईचे गुडघे आखडले, म्हणून बाबांना अकोल्याला दाखवायला मी गेले. डॉक्टर हसून म्हणाले, “काय मुकादम, राग कमी झाला की नाही?” मग माझ्याकडे वळले. “मागं तुमच्या आईसमोरच यांना बजावलं होतं, औषध मी देईन, पण हा स्वभाव तुम्हालाच बदलावा लागेल. सदा घाई, सदा चिडचिड. असल्या माणसांचं हृदय लवकर थकतं, असं मी तरी पाहत आलोय.”

“आणि घरच्यांनी?” मी विचारलं. “त्यांनी काही बोलायचं नाही ना?”

“का नाही? बोला की! कुणी अडवलंच नाही तर हे बदलतील कशाला?”

बाबा खाली मान घालून सदऱ्याची बटणं लावत होते.

स्टेशनवर मी त्यांना विचारलं, “बाबा, तुमी तवा तिथंच होते. तुमाले मालूम होतं.”

“होतं,” ते म्हणाले. “घरी आलो तं समदे मुके. बरं वाटलं मले. मंग मी काहून बोलू?”

मग मी त्यांना पत्राचं सांगितलं, पहिल्यांदाच. ते रुळांकडे पाहत म्हणाले,

“मी लय बोंबललो असतो. दोन दिवस जेवलो नसतो.”

“आनि मंग?”

“मंग सही केली असती.”

घरी आई अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं तिच्यापुढे टाकलं. ती दचकली नाही, याचाच मला जास्त संताप आला.

“वीस वर्सं भेत भेत सयपाक केला म्या,” ती म्हणाली. “डॉक्टरचं नाव घेतल्याबिगर कोनी आयकलं असतं काय? मले बी शांत घर पाह्यजे होतं.”

“आनि माह्यं कॉलेज?”

“तू भांडली असती तं पुन्हा समदं सुरू झालं असतं.” तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

बाबांच्या रागापुढे उभं राहायची माझी तयारी होती. आईपासून सावध राहावं, असं मात्र माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. तिच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी जाऊन राहिले. न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री पाय चेपले. शेजारपाजारच्या बायांनी माझं फार कौतुक केलं. पण मनातला एक शब्दही तिच्याशी बोलले नाही. तिला हवी होती ती शांतता मी तिला मरेपर्यंत दिली.