दुसऱ्याच्या वाट्याची फुंकर

ढोल फुटला तो सातुर्निनोमुळे, आणि तोही काठीनं नव्हे, डोक्यानं.

झालं असं. सातुर्निनोच्या पुतणीचं लग्न. तितिकाका सरोवराकाठच्या आमच्या गावात सिकू वाजल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. सिकू म्हणजे वेळूच्या नळ्यांचा पावा, पण तो एकट्याचा कधीच नसतो. निम्मे सूर एकाकडे, निम्मे जोडीदाराकडे. एक फुंकतो तेव्हा दुसरा गप्प बसतो. नुसती चढण चढतानाही धाप लागते अशा उंचीवर ही वाटणी ज्यानं केली, तो शहाणा असावा. सातुर्निनोला अर्थात त्याच्याहून जास्त कळत होतं.

त्याचा जोडीदार म्हणजे त्याचा मेव्हणा इलारियोन. त्याचा ट्रक चढणीवर बंद पडला. वऱ्हाडी ताटकळले. तेव्हा सातुर्निनोनं दोन्ही पावे लोकरीच्या दोरीनं एकत्र बांधले आणि सगळे सूर एकट्यानंच फुंकायला घेतले. आमच्याकडे पावे असे बांधतात ते फक्त जोडीदार मेल्यावर, त्याच्या थडग्याशी. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चारचौघांत मिरवायची संधी आली की माणसाचं ठाऊकपण जरा मागं सरकतं.

तिसऱ्या कडव्याला बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आभाळ कलंडलं आणि सातुर्निनो डोकं पुढं करून मोठ्या ढोलात शिरला. पाहुण्यांना वाटलं नाचाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इलारियोन नेमका तेव्हाच पोचला होता. आपले सूर त्यानं लांबूनच ऐकले होते. त्यानं टोपी काढली.

"दाजी, मी मेलो हे मला कळवायचंत तरी. येताना फुलं आणली असती."

एवढं बोलून तो आल्या पावली परत गेला.

त्या दिवसापासून सातुर्निनोनं पावा ओठाला लावला की त्याचा श्वास उन्हातल्या कुत्र्यासारखा धावायला लागे. ताफ्याचे म्होरके, म्हातारे गुमेर्सिंदो, म्हणाले, "क्रुसाच्या सणापर्यंत हे थांबलं तर ठीक. नाहीतर पहिल्या ओळीतून बाहेर हो आणि नवा ढोल उचल. त्यात फुंकायचं काही नाही." पहिल्या ओळीत सातुर्निनोचा बाप होता, बापाचा बाप होता. सातुर्निनो त्या रात्री जेवला नाही.

मग काय, अख्खं गाव वैद्य झालं. बायको बासिलिया त्याला मुन्याचा, म्हणजे आमच्या डोंगरी पुदिन्याचा, काढा पाजू लागली. श्वास होता तसाच राहिला, परसाकडच्या फेऱ्या तेवढ्या वाढल्या. चुलतीनं सांगितलं, धसक्यानं आत्मा अंगाबाहेर पडलाय. तिनं लग्नाच्या अंगणात त्याची टोपी हलवून आत्म्याला हाका मारल्या. आत्मा आला असेलही, पण राहण्याची सोय बघून परत गेला असावा. दुकानदारानं तोंडाला लावून श्वास घ्यायला कागदी पिशवी दिली, साखरेची, मुंग्यांसकट.

शेवटी तो दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेला. त्यांनी छाती नीट तपासली.

"छाती ठणठणीत आहे. पिशवी-बिशवी लावू नका. खांदे सैल सोडा. नाकानं सावकाश श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडा."

"बाई, मला फुंकायला शिकवता? चाळीस वर्षं फुंकतोय."

"फुंकायला नाही. थांबायला शिकवतेय."

घरी येऊन त्यानं सावकाश श्वास सोडण्याचा असा काही सपाटा लावला, जणू शेजाऱ्याशी पैज लागली होती. पुन्हा चक्कर आली. मग पावा घेऊन बसला, तर आपले सूर वाजवून झाले की जोडीदाराची जागा येई. तिथं कोणीच नाही. ती रिकामी जागा त्याला सोसेना. तेवढ्यात तो दोन-चार श्वास हिसकून घेई, की झालं, धाप सुरू.

"अहो, माझा भाऊ समुद्रापार नाही राहत," बासिलिया म्हणाली. "ओढ्यापलीकडे राहतो. जा त्याच्याकडे. नाहीतर उचला ढोल."

तो चघळायची मूठभर कोकाची पानं घेऊन गेला. इलारियोन दगडी कुंपणावर बसला होता.

"मेलेल्या माणसाकडे काय काम काढलंत, दाजी?"

"चुकलं."

"कुणाचं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे? माझंही?"

"माझं रे बाबा, माझं!"

इलारियोननं पानं घेतली, निवडली, गालात धरली. घाई कसली? "बरं. सण झाला की एक दिवस माझे बटाटे काढायला यायचं. तुम्ही स्वतः. माझ्या बहिणीला पाठवायचं नाही."

"आलो म्हणून समज."

दोघं कुंपणावरच वाजवायला बसले. सातुर्निनोचे खांदे कानाला टेकले, श्वास पळायला लागला. इलारियोनची पाळी आली तसा सातुर्निनो सवयीनं मध्येच घुसला. इलारियोन थांबला.

"हा सूर माझा. तुम्ही गप्प."

पुन्हा तेच. पुन्हा, "गप्प." आता पुढं जायला जागाच उरली नाही, तेव्हा सातुर्निनो तोंड मिटून बसला. इलारियोनचा सूर लांबत गेला. तो संपेपर्यंत याला दुसरं कामच नव्हतं. श्वास आपसूक खाली उतरला, खांदेही. ऊन डोंगराआड जाईतो दोघांनी अख्खी चाल वाजवली. घरी येऊन सातुर्निनोनं जाहीर केलं की उपाय त्यानं स्वतःच शोधून काढलाय.

क्रुसाच्या सणाला तो पहिल्या ओळीत होता. चढावर एकदा श्वास उसळला. त्यानं इलारियोनच्या बोटांकडे पाहिलं, वाट बघितली, सावकाश सोडला. म्हातारे गुमेर्सिंदो काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

दुसऱ्या सकाळी इलारियोन कुदळ घेऊन दाराशी आला. "दाजी! बटाटे!"

आत सातुर्निनो घोंगडीखाली पडला होता. श्वास नाकानं आत, ओठांच्या चंबूतून बाहेर, संथ.

"झोपलेत," बासिलिया म्हणाली. "बघ ना, श्वास किती शांत चाललाय."

"दिसतंय ना," इलारियोन म्हणाला. "झोपेत पापण्या इतक्या घट्ट मिटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

बटाटे अजून जमिनीतच आहेत.